वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी, नवा पंप आणि पेट्रोलचा हिशेब

जुन्या गाड्यांच्या इंजिनात फेरफार करणाऱ्या वाचकांची पत्रे या महिन्यात बरीच आली आणि त्यांतील बहुतेक पत्रे पेट्रोलच्या पुरवठ्यापाशी येऊन थांबतात. इंजिनाला हवा जास्त मिळाली तर पेट्रोलही त्याच प्रमाणात वाढले पाहिजे, हे सर्वांना मान्य आहे. ते किती वाढवायचे आणि यंत्रणेतील कोणत्या जागी वाढवायचे, हे मात्र अनेकदा दुकानात जो भाग हाती लागतो त्यावरून ठरते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. प्रश्न जागेअभावी थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे २००१ सालची मारुती एस्टीम (१.३ लिटर, एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी) आहे. तिला लहान टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) बसवला असून बूस्ट, म्हणजे त्या हवेचा जादा दाब, ०.४ बारच्या पुढे जाऊ देत नाही. मूळ ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) जागी मेगास्क्वर्ट, म्हणजे हवा तसा भरता येणारा ईसीयू आहे; पंप, इंजेक्टर आणि रेलवरचा (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवरचा) दाबाचा रेग्युलेटर मात्र कंपनीचेच आहेत. साडेचार हजार आरपीएमनंतर गाडी गुदमरते. शिवाय पुण्याहून परतताना टाकी पावपेक्षा खाली असली, की खंबाटकीच्या चढावर कमी आरपीएमलाही हिसके देते. मला साधारण १२० बीएचपी हवी आहे. गॅरेजमध्ये तासाला २५५ लिटरचा पंप आणि मिनिटाला ५५० सीसीचे इंजेक्टर सुचवले आहेत. आधी काय घ्यावे? — एक वाचक, कराड

उत्तर : आधी काहीही घेऊ नका, दाब मोजा. तुम्ही सांगितलेली लक्षणे एकाच दोषाची नाहीत. टाकी खाली असताना घाटात हिसके बसतात, याचा अर्थ चढावर आणि वळणावर पेट्रोल टाकीच्या एका बाजूला सरकते आणि पंपाच्या जाळीला पेट्रोलऐवजी हवा मिळते. हा दोष पंप मोठा केल्याने जाणार नाही. उलट मोठा पंप जाळीभोवतीचे पेट्रोल अधिक लवकर उपसेल. पंपाचे युनिट टाकीतून काढून जाळी चिकटली आहे का, ती टाकीच्या तळापर्यंत पोहोचते का आणि तिच्याभोवतीची वाटी जागेवर आहे का, हे पाहा. पूर्वी कोणी दुसऱ्या गाडीचा पंप बसवला असेल, तर जाळी तळापासून बोटभर वर राहिलेली हमखास सापडते. हे सर्व ठीक असूनही त्रास राहिला, तरच लिटर-दीड लिटरच्या सर्ज टँकचा (पंपाला सतत पेट्रोल मिळावे म्हणून मध्ये बसवलेल्या छोट्या टाकीचा) विचार करावा आणि तो प्रवाशांच्या कप्प्याबाहेर, धडकेत चेपणार नाही अशा जागी बसवावा.

साडेचार हजारांनंतरचे गुदमरणे हा दुसरा दोष आहे. त्यासाठी रेलवर दाबमापक लावावा लागेल. काटा असलेला मापक लावायचा असेल, तर त्याची नळी बॉनेटच्या कडेतून बाहेर काढून मापक समोरच्या काचेवर बाहेरच्या बाजूने पट्टीने पक्का बसवावा. पेट्रोल असलेली नळी कोणत्याही कारणाने केबिनमध्ये आणू नये. विजेवर चालणारा सेन्सर घेऊन त्याची नोंद मेगास्क्वर्टच्या लॉगमध्येच घेता आली, तर अधिक उत्तम. इंजिन आयडलवर असताना रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून जो दाब दिसेल, तो तुमचा मूळ दाब समजा. तो ३ बार आहे असे धरू. नळी परत जोडल्यावर दाब साधारण अर्ध्या बारने उतरला पाहिजे आणि ०.४ बार बूस्टवर तो ३.४ बार दिसला पाहिजे, कारण इंजेक्टरच्या दुसऱ्या टोकाला तेवढाच दाब उलट बाजूने येत असतो. बूस्टवर काटा ३ बारवरच अडकत असेल, तर रेग्युलेटरची नळी बूस्ट पोहोचत नाही अशा जागी जोडलेली असण्याची शक्यता आहे. काटा आधी चढून साडेचार हजारांच्या पुढे हळूहळू उतरत असेल, तर पुरवठा कमी पडतो आहे. आणि दाब शेवटपर्यंत टिकूनही गाडी गुदमरत असेल, तर प्रश्न इंजेक्टरचा किंवा ईसीयूच्या नकाशातील (पेट्रोलच्या तक्त्यातील) आकड्यांचा आहे, पंपाचा नाही.

पुरवठा कमी पडतो असे निघाले, तरी लगेच पंपावर येऊ नये. चोवीस-पंचवीस वर्षे जुन्या गाडीत पंपापर्यंत जाणारी वायर, तिचे कनेक्टर आणि अर्थिंग यांची अवस्था काय असते, हे ज्याने मागचे सीट उचलून पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही. इंजिन तीन हजारांवर धरून, हेडलाइट आणि एसीचा पंखा चालू ठेवून बॅटरीवरचे व्होल्टेज मोजा आणि त्याच वेळी पंपाच्या प्लगवरचे मोजा. दोहोंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल, तर पंपाला त्याचा वाटा मिळत नाही आणि व्होल्टेज उतरले की पंपाचा प्रवाहही उतरतो. अशा वेळी बॅटरीपासून अडीच चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, बॅटरीजवळच फ्यूज आणि पंपाजवळ रिले बसवावा. रिलेला हुकूम मात्र मूळ वायरनेच, म्हणजे ईसीयूकडूनच मिळू द्यावा. पंप थेट इग्निशनच्या कळीवर जोडण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि ती अत्यंत धोक्याची आहे, कारण अपघातात इंजिन बंद पडले आणि नळी तुटली, तरी पंप पेट्रोल ओततच राहतो.

आता तुम्हाला सुचवलेल्या आकड्यांविषयी. टर्बो असलेले पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात एका बीएचपीसाठी तासाला अंदाजे २७० ग्रॅम पेट्रोल घेते. विनाटर्बो इंजिनाला २३० ग्रॅम पुरते. १२० बीएचपीसाठी तासाला ३२.४ किलो, म्हणजे साधारण ४३.५ लिटर. आपल्याकडच्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, त्यामुळे सात-आठ टक्के अधिक धरावे. हिशेब ४७ लिटरपर्यंत जातो. त्यावर पंपाच्या वयाची आणि उन्हाळ्याची सोय म्हणून निम्मे आणखी धरले, तरी साडेतीन बार दाबाला तासाला ७० लिटर देणारा पंप तुम्हाला पुरतो. ही गरज चांगल्या कंपनीचा, मोठ्या गाडीसाठी बनलेला साधा पंप भागवतो. २५५ लिटरचा पंप घेतला, तर जवळजवळ सगळे पेट्रोल रेलपर्यंत जाऊन रिटर्नने परत येईल, वाटेत इंजिनाची उष्णता घेऊन टाकी तापवेल, आणि मूळ रेग्युलेटरचे व अरुंद रिटर्न नळीचे भोक तेवढे पेट्रोल सोडू न शकल्याने आयडलवरचा दाब वर चढून बसेल. मग त्यासाठी रेग्युलेटर बदला, मग नळी बदला, असा खर्च एकातून एक निघत जातो. दाम करी काम हे खरे असले, तरी येथे ते काम बिघडवण्याचे होईल.

इंजेक्टरचा हिशेबही याच आकड्यांतून निघतो. तासाला ४७ लिटर म्हणजे मिनिटाला सुमारे ७८० सीसी, चार इंजेक्टरांत वाटल्यास प्रत्येकी १९५. इंजेक्टर पूर्ण वेळ उघडा ठेवायचा नसतो. ऐंशी टक्क्यांवर थांबावे. त्या हिशेबाने २४५ सीसी लागतात, म्हणून २७० ते ३०० सीसीच्या दरम्यानचा संच योग्य ठरेल. तुमचे मूळ इंजेक्टर किती देतात हे अंदाजाने ठरवू नका. इंजेक्टर साफ करणाऱ्याच्या बेंचवर ते ३ बारला मिनिटभर चालवून नळकांड्यांत किती भरले ते मोजता येते आणि चौघांतील फरकही डोळ्यांसमोर येतो. नवा संच घेताना ओहम मीटर बरोबर न्या : १२ ते १६ ओहम दाखवणारे हाय इम्पीडन्सचे इंजेक्टर तुमच्या ईसीयूला सरळ चालतील, २-३ ओहमचे लो इम्पीडन्सचे इंजेक्टर रेझिस्टरशिवाय किंवा ड्रायव्हरच्या योग्य सेटिंगशिवाय जोडले, तर ईसीयूचे ड्रायव्हर जळतात.

रेग्युलेटरचा दाब वाढवून इंजेक्टरचे काम भागवावे, असाही सल्ला तुम्हाला मिळेल. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ३ बारचे ४ बार केले तरी हाती फक्त १५ टक्के येतात. त्याच वेळी पंपाला जास्त दाबाविरुद्ध ढकलावे लागल्याने त्याचा स्वतःचा प्रवाह घटतो. तुमच्या गाडीला हा मार्ग मी सुचवणार नाही. आणि एक विनंती : हे मोजमाप पुरे होईपर्यंत बूस्टवर गाडी पळवू नका. बूस्टवर पेट्रोल कमी पडले, की आधी टकटक (मिश्रण अवेळी पेटल्याचा आवाज) सुरू होते आणि पाठोपाठ पिस्टनची कड वितळते. या दोहोंमधला वेळ फारच थोडा असतो.

प्रश्न : माझ्या काकांची प्रीमियर पद्मिनी मी जपून ठेवली आहे. इंजिन बांधताना कार्बोरेटर थोडा मोठा बसवला आणि जुना यांत्रिक पंप काढून विजेवरचा पंप लावला. तेव्हापासून आयडलवर पेट्रोलचा वास येतो, प्लग काळे होतात आणि पसरणी घाट चढून पाचगणीत दहा मिनिटे थांबले की गाडी पुन्हा सुरू होत नाही. उंचीमुळे जेट (कार्बोरेटरमधील मोजक्या भोकाचे पितळी तुकडे) बदलावे लागतील का? — एक वाचक, वाई

उत्तर : जेटला हात लावण्यापूर्वी पंपाचा दाब पाहा. कार्बोरेटरची गाडी ०.२ ते ०.२५ बार एवढ्या किरकोळ दाबावर चालते. बाजारात मिळणारे विजेवरचे कित्येक पंप त्याच्या दुप्पट दाब देतात आणि फ्लोटची नीडल (कार्बोरेटरचा कप्पा भरला की पेट्रोलची वाट बंद करणारी सुई) तो दाब अडवू शकत नाही. पेट्रोल फ्लोटच्या कप्प्यातून वर चढून थेट इंजिनात उतरते. तुमचा वास आणि काळे प्लग यांचे मूळ बहुधा येथेच आहे. कमी दाबाचा, कार्बोरेटरसाठीच बनवलेला पंप घ्या, किंवा पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये कमी दाबाचा रेग्युलेटर बसवा. इंजेक्शनच्या गाडीचा रेग्युलेटर येथे चालत नाही, तो एवढ्या खाली येतच नाही. पंपाच्या वायरीत ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच घातला, तर इंजिन बंद पडताच पंपही बंद होईल. यांत्रिक पंपाची ही सोय तुम्ही पंप बदलताना घालवली आहे, ती परत मिळवा. खरे तर पद्मिनीच्या १०८९ सीसीच्या इंजिनाला चांगल्या स्थितीतला यांत्रिक पंप पुरून उरतो आणि दुरुस्तीचा संच मिळत असेल, तर मी तोच परत बसवेन.

घाट चढून थांबल्यावर सुरू न होणे ही उष्णतेची बाब आहे. जुन्या चालकांना घाटात पंपावर ओले फडके गुंडाळण्याची सवय होती, ती उगीच नव्हती. मात्र तुमच्या गाडीत पेट्रोलची वाफ नळीत अडते आहे की कार्बोरेटरच्या कप्प्यात पेट्रोल उकळून इंजिनात सांडते आहे, हे आधी ओळखले पाहिजे, कारण दोहोंचे उपाय वेगळे आहेत. थांबल्यावर एअर क्लीनरचे झाकण काढून आत पाहा. कार्बोरेटरच्या घशात पेट्रोल ओले दिसत असेल आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरल्यावर गाडी धूर सोडत सुरू होत असेल, तर ते सांडलेले पेट्रोल आहे. कार्बोरेटरखाली बॅकेलाइटचा जाड स्पेसर आणि एक्झॉस्टच्या बाजूने पत्र्याचा पडदा लावल्याने ते थांबते. घसा कोरडा असेल, अॅक्सिलरेटर हलवल्यावर आतली बारीक धार येत नसेल, तर नळीत वाफ आहे. नळी एक्झॉस्टपासून दूर न्या आणि विजेवरचा पंप ठेवायचाच असेल, तर तो टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या पातळीला बसवा. हे पंप ढकलण्यात तरबेज असतात, ओढण्यात कच्चे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने वाफेचा त्रास थोडा वाढवला आहे, एवढे खरे.

उंचीचे भय मात्र बाळगू नका. सातारा शहर साधारण साडेसातशे मीटरवर आणि महाबळेश्वर साडेतेराशेवर आहे. एवढ्या चढाला हवा सुमारे सहा टक्के विरळ होते. परंतु कार्बोरेटरचे मिश्रण हवेच्या घनतेच्या वर्गमुळाने बदलत असल्याने ते फक्त तीन टक्के रिच (पेट्रोल जास्त) होते. तेवढ्यासाठी कोणी जेट बदलत नाही. उलट, २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने तेच मिश्रण सात-आठ टक्के लीन (पेट्रोल कमी) केलेले असते आणि त्याची भरपाई करण्यासाठी मेन जेट एक पायरी वाढवणे समजण्यासारखे आहे. जेटवरचा १२० हा आकडा भोकाचा व्यास १.२० मिलिमीटर असल्याचे सांगतो. १२५ घेतला, तर भोकाचे क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते. म्हणजे एका पायरीतच काम होते.

ट्यूनिंगचा क्रम असा ठेवावा, की आधी फ्लोटची पातळी, मग आयडलचा स्क्रू आणि आयडल जेट, त्यानंतर मेन जेट आणि सर्वांत शेवटी एअर करेक्टर (मेन जेटच्या पेट्रोलात हवा मिसळणारे जेट). फ्लोटची पातळी चुकलेली असताना जेट बदलत बसणाऱ्यांच्या डब्यात पितळी जेटांचा ढीग साठतो आणि गाडी आहे तशीच राहते. एका वेळी एकच बदल करावा, आणि जेटचे भोक तारेने साफ करू नये किंवा ड्रिलने मोठे करू नये.

प्रश्न : आमची जिप्सी २०१९च्या महापुरात दोन दिवस पाण्यात होती आणि तेव्हापासून उभीच आहे. आता तिला एमपीएफआय इंजिन बसवून पुन्हा चालती करायची आहे. टाकी धुऊन घेतली आहे. जुनी कार्बोरेटरची नळी ठेवून फक्त पंप नवा टाकला तर चालेल का? नोंदणीचे काही करावे लागेल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : चालणार नाही, आणि येथे काटकसर करू नये. कार्बोरेटरच्या रबरी नळीला पाव बार सहन करायचा होता. इंजेक्शनला तीन बार लागतात. नळीवर छापलेली खूण वाचा. एसएई जे३०आर७ ही कमी दाबाची नळी आहे. तुम्हाला जे३०आर९ लागेल, आणि टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून राहणाऱ्या तुकड्यासाठी जे३०आर१०, कारण बाहेरची नळी आतून-बाहेरून भिजत राहिली की फुगते. क्लिपही इंजेक्शनच्या, गुळगुळीत कडेच्या घ्या; दातेरी पट्टीच्या साध्या क्लिपा रबर कापतात. लोखंडी पाइपच्या टोकाला कडा उमललेली नसेल, तर रबर दाबाने निसटते, तेव्हा ती करवून घ्या.

टाकी धुतली असली, तरी आतला गंज धुतला जात नाही. पुराचे पाणी आणि गाळ टाकीच्या शिवणीत राहतो. भोकातून टॉर्च आत सोडून नव्हे, तर तपासणीचा छोटा कॅमेरा घालून वरचा पत्रा पाहा. तळ स्वच्छ आणि छत तांबडे, अशा टाक्या पुरातल्या गाड्यांत असतात. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुनी साठलेली घाण सोडवते, त्यामुळे टाकी ठेवायचीच ठरली, तर पंपाआधी जाळीचा आणि पंपानंतर बारीक, असे दोन फिल्टर लावा आणि पहिल्या काही टाक्यांनंतर दोन्ही उघडून बदला. माझे मत विचाराल तर या गाडीला दुसरी टाकीच शोधावी. रिटर्नची नळी जुन्या टाकीत असली, तरी तिचे भोक मोकळे आहे का, ते फुंकून पाहावे. ती गाळाने बुजलेली असली तर नव्या पंपाचा दाब पहिल्याच स्टार्टला वर जाईल.

नोंदणीविषयी : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरील तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली याच कलमाचा काटेकोर अर्थ लावला आहे. इंजिन बदलले की इंजिन क्रमांक बदलतो, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी सांगलीच्या आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि इंजिनाच्या खरेदीची पावती जपून ठेवावी. विमा कंपनीलाही कळवावे. न कळवलेल्या बदलावर दावा अडतो.

प्रश्न : माझ्या १९९९च्या होंडा सिटी १.५ ला कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), हेडर्स (मोकळे एक्झॉस्ट पाइप) आणि ४४० सीसीचे इंजेक्टर बसवले आहेत, टर्बो नाही. ट्यूनरने लॅपटॉप लावून एका दुपारी ट्यूनिंग करून दिले. पूर्ण अॅक्सिलरेटरवर वाइडबँड (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचे गुणोत्तर दाखवणारा मीटर) १२.८ दाखवतो आणि गाडी छान ओढते. परंतु आयडलवर हलते, हेडलाइट लावले की बंद पडते, आणि थंडीत यवतेश्वरच्या बाजूला सकाळी सुरूच होत नाही. १२० बीएचपीचा अंदाज आहे. दोष ट्यूनरचा की इंजेक्टरचा? — एक वाचक, सातारा

उत्तर : थोडा दोघांचा. वर कराडच्या वाचकांसाठी केलेला हिशेब विनाटर्बो इंजिनाच्या आकड्याने तुमच्या गाडीला लावला, तर इथेनॉल धरूनही तुम्हाला साधारण २०५ सीसीचे इंजेक्टर पुरतात. तुम्ही दुपटीहून मोठे बसवले आहेत. मोठ्या इंजेक्टरची किंमत आयडलवर मोजावी लागते आणि ती कशी, हे आकड्यांनीच पाहू.

आयडलवर तुमचे इंजिन तासाला पाऊण-एक लिटर पेट्रोल घेत असेल. त्यासाठी ४४० सीसीच्या इंजेक्टरला दर खेपेस एक मिलिसेकंदाहून किंचित जास्त वेळ उघडे राहावे लागते. परंतु विजेचा झटका मिळाल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंत आणखी सुमारे एक मिलिसेकंद जातो. त्याला ट्यूनर मंडळी डेड टाइम म्हणतात. हा वेळ व्होल्टेजवर अवलंबून असतो : व्होल्टेज उतरले की इंजेक्टर आळसावतो. हेडलाइट लावल्यावर व्होल्टेज उतरते, डेड टाइम ०.२ मिलिसेकंदाने वाढतो आणि ईसीयूमधील तक्त्यात ती वाढ भरलेली नसेल, तर आयडलचे पेट्रोल एका फटक्यात पंधरा-सतरा टक्क्यांनी कमी होते. गाडी बंद पडते ती यामुळे. पूर्ण अॅक्सिलरेटरवर हाच इंजेक्टर सहा-सात मिलिसेकंद उघडा असतो, तेथे ०.२ ची चूक तीन टक्क्यांत खपून जाते आणि वाइडबँडवर सगळे आलबेल दिसते. सकाळी स्टार्टर ओढत असताना व्होल्टेज दहापर्यंत खाली जाते. तेव्हा काय होत असेल, ते तुम्हीच ताडाल.

म्हणून ट्यूनरकडे परत जाऊन पुढील गोष्टी मागा. या इंजेक्टरचा, निर्मात्याने दिलेला किंवा बेंचवर काढलेला, ८ ते १५ व्होल्टपर्यंतचा डेड टाइमचा तक्ता ईसीयूत भरला आहे का, ते दाखवायला सांगा. थंड इंजिनासाठीचा वॉर्मअपचा तक्ता एका दुपारी पुरा होत नाही. गाडी रात्रभर त्यांच्याकडे ठेवून पहाटे पहिला स्टार्ट लॅपटॉप लावून घ्यावा लागतो आणि हे काम किमान काही सकाळी करावे लागते. अॅक्सिलरेटर झटकन दाबल्यावर द्यायचे जादा पेट्रोल, आयडलचे इग्निशन आणि एसी लागताच आयडल सावरणे हीही ट्यूनिंगचीच अंगे आहेत. केवळ पूर्ण अॅक्सिलरेटरची एक ओळ बसवून पैसे घेणे ही आपल्या भागात रूढ झालेली पद्धत आहे आणि ग्राहकही डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद पाहून समाधानी होतात, हे त्याचे अर्धे कारण आहे.

वाइडबँडच्या आकड्याविषयीही सावध राहा. १४.७ हे पूर्ण ज्वलनाचे हवा-पेट्रोल गुणोत्तर शुद्ध पेट्रोलचे आहे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचे ते साधारण १३.५ होते. सेन्सरला मुळात गुणोत्तर कळत नाही, त्याला लॅम्डा (प्रत्यक्ष गुणोत्तर भागिले पूर्ण ज्वलनाचे गुणोत्तर) कळतो, आणि मीटर तो लॅम्डा १४.७ ने गुणून तुम्हाला आकडा दाखवतो. त्यामुळे मीटर लॅम्डावर ठेवून बोलणे सर्वांत सोयीचे : पूर्ण जोरात विनाटर्बो इंजिनाला ०.८७ ते ०.८९, आरामात एका वेगाने जाताना १. तुमच्या मीटरचे १२.८ म्हणजे लॅम्डा ०.८७, ते योग्यच आहे. एक्झॉस्टचा जोड सेन्सरच्या आधी गळत असेल, तर आयडलवर बाहेरची हवा आत ओढली जाऊन मीटर खोटा लीन दाखवतो. हेडर्स नवे बसवले असल्याने तेही तपासा. हे सर्व करूनही आयडल मनासारखे बसले नाही, तर ४४० चे इंजेक्टर विकून २२० ते २५० सीसीचे, चौघांचा प्रवाह जुळवलेले घ्या.

प्रश्न : पंप आणि इंजेक्टर बदलल्यावर गाडी टकटक करते. १०० ऑक्टेनचे पेट्रोल टाकले तर थांबेल का? — एक वाचक, तासगाव

उत्तर : आवाज कदाचित थांबेल, पण मूळ कारण तसेच राहील. इंजेक्टर बदलल्यावर टकटक सुरू झाली असेल, तर चारांपैकी एखादा कमी पेट्रोल देत असण्याचा संशय आधी घ्यावा. चारही प्लग क्रमाने काढून कागदावर मांडा. एकाचेच पोर्सिलेन पांढरेफटक असेल आणि बाकीचे तपकिरी, तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर बेंचवर तपासावा लागेल. चारही सारखेच पांढरे असतील, तर रेलचा दाब मोजा. प्लग ठीक असतील, तेव्हाच इग्निशनचे टायमिंग दोन अंश मागे घेऊन पाहावे. रेल उघडण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवावे, काम मोकळ्या हवेत करावे आणि पेट्रोलच्या आगीवर चालणारे पावडरचे अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे.